डावा कान

दिवा लागला आणि तिचा हात बटणावरच थांबला. तिने आवाज सोडलाच नव्हता.

कानतपासणीच्या खोलीत आणखी एक छोटी खोली होती, जाड दाराची, एका बाजूला काच असलेली. आत तोफखान्यातला जवान हेडफोन लावून बसला होता. बाहेर यंत्रापाशी ती. तिने बटण दाबून एक बारीकसा आवाज आत सोडायचा. ऐकू आला की त्याने हातातली कळ दाबायची, की तिच्यासमोरचा दिवा लागायचा. दिवा लागला की तक्त्यावर खूण. उजव्या कानाला लाल गोल, डाव्या कानाला निळी फुली. दिवा नाही तर खूण नाही. सव्वीस वर्षं ती याच नियमाने काम करत होती.

कोर्टापुढे उभं करण्याआधीची तपासणी म्हणून सकाळपासून आठ जवानांचे तक्ते झाले होते. आठही जणांचे कान ठणठणीत. हा नववा, शेवटचा.

त्याचा उजवा कान चांगला निघाला. डाव्या कानाला जाड आवाजही ऐकू आले. पण उंच पट्टीतले आवाज सुरू झाले आणि तिला शंका आली. दिवा फार नेमाने लागत होता. अगदी हळू आवाज असला की ऐकणारा माणूस थोडा घुटमळतो. हा घुटमळत नव्हता. म्हणून तिने आवाज पूर्ण बंद केला आणि नुसतंच बटण दाबलं.

आता तिने उठून जाड दार उघडलं. खुर्चीचं तोंड नेहमी भिंतीकडे असतं. ती काचेच्या बाजूला वीतभर वळली होती.

"माझ्या हाताकडे बघून दाबतोयस."

त्याने हेडफोन काढले. "बायको हेच म्हणते. ऐकत काही नाही, नुसते तोंडाकडे बघून माना डोलावता."

"खुर्ची सरळ कर."

त्याने केली. तिने दार लावून पुन्हा सुरुवात केली. उंच पट्टी, हळू आवाज. दिवा नाही. थोडा मोठा. नाही. आणखी मोठा, इतका की हेडफोन टेबलावर ठेवले असते तर तिलाही ऐकू आला असता. दिवा लागला नाही. तो भिंतीकडे बघत ताठ बसला होता.

ती पुन्हा आत गेली. त्याने हेडफोन उतरवले.

"ऐकू येत असून बहिऱ्याचं सोंग करणारे मी पुष्कळ पाहिलेत," ती म्हणाली. "हे उलटं सोंग पहिल्यांदाच बघतेय. अरे, या कानावर तू अपात्र ठरतोस. अगदी खरोखर. कोर्ट नाही, जेल नाही. आठवड्याभरात घरी, पेन्शनसकट."

"म्हणून तर नको."

"म्हणजे?"

"आम्ही नऊ जणांनी लिहून दिलंय, या लढाईला जाणार नाही म्हणून. सगळ्यांसमोर वाचून दाखवलं मी."

"माहीत आहे. सगळ्या छावणीला माहीत आहे."

"मग मीच बहिरा निघालो तर साहेब काय लिहितील? याला हुकूम नीट ऐकूच आला नव्हता, बाकीचे आठ याच्या नादी लागले. विषय संपला. नकार कुणी दिलाच नाही." त्याने उजव्या कानाला बोट लावलं. "हुकूम मला स्वच्छ ऐकू आला होता, ताई."

तिने डाव्या कानाकडे पाहिलं. बाहेरून त्याला काहीच झालेलं नव्हतं.

"हा कधी गेला?"

"मागच्या खेपेला, तिकडेच. नकाशावर गोदाम लिहिलं होतं. दुर्बिणीतून बघतो तर दोरीवर कपडे वाळत घातलेले. एवढे एवढे." त्याने दोन्ही तळहातांमध्ये वीतभर अंतर धरलं. "मी वर कळवलं. वरून उत्तर आलं, गोदामच आहे. मग दिवसभर तोफ चालवली. त्या दिवशी कानात बोळे घालायचं राहून गेलं."

हात अजून तसेच होते. त्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्याने ते मांडीवर ठेवले.

"घरी सांगितलंस?"

"आईने दोन स्वेटर भरून ठेवलेत. म्हणते, जेलची फरशी फार गार असते. तिला कुठून कळलं, कुणास ठाऊक."

"तक्त्याच्या खाली सही माझी असते."

"ते ठाऊक आहे. म्हणूनच चोरून करत होतो. तुम्हाला यात ओढायचं नव्हतं." तो म्हणाला, "जे दिसलं ते लिहा, ताई. मी काही म्हणणार नाही."

बाहेरच्या बाकावरून आठ जणांचं बोलणं ऐकू येत होतं. कुणीतरी खोकलं. ती दाराची मूठ धरून उभी राहिली.

"खुर्ची फिरव," ती म्हणाली.

"भिंतीकडेच आहे."

"भिंतीकडे नाही. माझ्याकडे."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग उठून खुर्ची पूर्ण वळवली आणि हेडफोन चढवले. तिने जाड दार नीट लावून घेतलं, यंत्रापाशी बसली आणि समोरची फाइल बाजूला सारली, काचेतून बघताना त्याच्या मधे काही येऊ नये म्हणून. उंच पट्टी लावली. हळू आवाज. तिने हात कोपरापासून उचलला, त्याला दिसेल इतका वर, क्षणभर तसाच धरला आणि सावकाश बटणावर आणला.

दिवा लागला.

तिने निळी फुली केली आणि पुढच्या आवाजासाठी हात आणखी थोडा वर उचलला.