सत्कारमूर्ती

डॉ. तारा मोहरील यांनी अकोल्यात तीस वर्षं बाळंतपणं केली, गावोगाव फिरून गरोदर बायांना तपासलं. म्हणून किसनराव काळमेघांनी आपल्या गावात त्यांचा जंगी सत्कार ठेवला. "माय म्हंजे साक्षात देव," हे माईकवरून सांगायला त्यांनी पाऊण तास घेतला.

डॉक्टरांना ओवाळायला आली ती किसनरावांचीच सून, दामिनी. आठवा महिना. चेहरा, पाय, बोटं, सगळं सुजलेलं.

"डोकं लय दुखून राहिलं, मॅडम," ती हळूच म्हणाली. "डोयासमोर अंधारी येते."

डॉक्टरांनी स्टेजवरच तिचं बीपी पाहिलं आणि सत्कार टाकून तिला आपल्या गाडीत बसवलं. अकोला येईपर्यंत तिला झटके सुरू झाले. सिझर करावं लागलं. दामिनी वाचली, बाळ काचेच्या पेटीत होतं.

बाहेर किसनराव उभे होते.

"घरी दोन-दोन गाड्या," डॉक्टर म्हणाल्या, "अन् पोरीले एकदाही तपासाले आणलं नाही? काहून?"

"आणणारच होतो, मॅडम," किसनराव म्हणाले. "पण महिनाभर सवडच नाही भेटली. तुमच्याच सत्काराची तयारी करून राहिलो होतो ना!"