शेवटचा फर्मा

“ही चार पानं काढा आणि ही घाला,” जगदेवी म्हणाली आणि पदराखालची कागदांची घडी तिने बाकावर ठेवली.

बलभीमने कागदांकडे पाहिले नाही; स्टेशनातल्या घड्याळाकडे पाहिले. लातूरकडून परतणारी गाडी येडशीत यायला चाळीस मिनिटे होती. इंग्रजी हद्दीतल्या बार्शीच्या छापखान्याचा मालक, अक्षरांचे खिळे जुळवणारा जुळारी आणि निरोप्या, तिन्ही तोच. दर फर्म्याची तपासायची पाने तो सकाळच्या गाडीने आणी, बाईंची सही घेई आणि दुपारच्या गाडीने परत जाई. टपालातले पाकीट निजामाच्या हद्दीत कोण उघडील याचा भरवसा नव्हता, आणि हैदराबादहून छपाईची परवानगी येईपर्यंत मजकूर शिळा झाला असता.

एका वेळी छापायच्या आठ-आठ पानांचे पंधरा फर्मे असेच पार पडले होते. हा सोळावा, शेवटचा. कादंबरीतली तारामती नवऱ्याचे घर सोडते, सुईणीचे काम शिकते, आपल्याला काय येते आणि काय हवे ते हळूहळू ओळखते. मुखपृष्ठावर नाव जगदेवीचे. लढाईच्या टंचाईत कागदही या घरानेच कुठूनतरी मिळवून दिलेला. तिचा नवरा, वीरप्पा मास्तर, सरकारी शाळेत होता. पुस्तकाशी संबंध दिसू नये म्हणून तो स्टेशनाकडे फिरकत नसे. बायकोला लिहू देणारा नवरा म्हणून बलभीमला त्याच्याविषयी आदर होता.

“बाई, उद्या सकाळी मशीन चालणार.”

“म्हणून तर आज सांगाय लागले.”

“पण बिघडलंय काय? तारामती परत येते, नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवते. वाचून दाखवलं तर आमची मंडळी रडली.”

“तुमची मंडळी रडून सैपाकाला लागली असतील. आमची महानंदा सासरी परत जाईल.”

महानंदा शेजारची मुलगी, चार महिने माहेरी होती. छापून आलेले फर्मे जगदेवी दुपारी आळीतल्या बायकांना वाचून दाखवी, त्यांत तीही बसे.

“सासरचं बोलावणं दोनदा आलं. दोनदा पोटदुखीचं निमित्त केलं तिनं. तारामती काय करती ते कळू दे, मग ठरवते, म्हणती. पाठीवर उलथन्याचे डाग हाएत तिच्या. न्हाऊ घालताना मोजले म्या. सात.”

बलभीमने कपाळ पुसले. “अकरा वर्षं छापतोय, बाई. पुस्तक ऐकून कुणी तरलेलं किंवा मेलेलं अजून माझ्या पाहण्यात नाही.”

“तुमी छापता. ऐकणाऱ्यांची तोंडं बघायला कुठं असता?”

मग त्याने धंद्यातले उत्तर काढले. “चार पानं म्हणजे चारच. एक ओळ वाढली तरी पान वाढतं, आणि जादा कागद नाही.”

“पानाला एकतीस ओळी. ओळीला अठ्ठावीस, फार तर तीस अक्षरं. शेवटच्या पानाला खाली छापखान्याचं नाव, म्हणून बावीसच ओळी. मोजून लिहिलंय.”

त्याने घडी उघडली आणि पेन्सिलीच्या टोकाने ओळी मोजल्या. हिशेब अचूक होता. अक्षर मात्र आजवरच्या हस्तलिखितासारखे वळणदार नव्हते. एकेक अक्षर सुटे, दाबून काढलेले, ठिकठिकाणी खोडून पुन्हा लिहिलेले.

“अक्षर निराळं दिसतंय.”

“घाई होती.”

घाईचे अक्षर असे नसते, हे जुळाऱ्याला कळते. पण खिळे जुळवायला हेच सोपे, म्हणून तो पुढे वाचू लागला. तारामती आपल्या सामानासाठी परत येते. नवरा दारात उभा राहून म्हणतो, हे घर तुझेच आहे. ती विचारते, मग किल्ली कुठे आहे? तो हसतो. त्याचे हसणे संपेपर्यंत ती थांबते, बोचके उचलते आणि एका बाळंतिणीकडे जायला निघते.

बलभीमने ते पुन्हा एकदा वाचले. आधीच्या पानांत तारामती फार सुंदर बोलत असे. इथे ती मोजकेच बोलली होती.

“मास्तरांनी पाहिलंय हे?”

जगदेवी रुळांकडे बघत राहिली. “त्यांची शाळा सुटायला वेळ हाय.”

“माझा अख्खा दिवस मोडेल, बाई. जुळवलेले खिळे सोडवायचे, नवे लावायचे. पुढची कामं ताटकळलीत. पुढच्या आवृत्तीत बघू.”

“पुढची आवृत्ती कोण काढतंय? वर माझं नाव हाय, अण्णा. गावात मला कुणी नावानं हाक मारत न्हाय. छापलेलं ते एकाच ठिकाणी ऱ्हाणार. आणि त्याच्याखाली लिहिलेलं ऐकून ती पोर त्या घरात परत जाणार.” ती बाकावरून उठून खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी त्याच्या पिशवीचा बंद धरला. “मी पाया पडते. हे न्हाय झालं तर सगळं पुस्तक चुलीत घाला. पण तसं छापू नका.”

“उठा, बाई. हमाल बघतोय.”

“बघू दे.”

गाडीची शिटी ऐकू आली. बलभीमने एक दिवस मोडल्याचा हिशेब मनात मांडला आणि तो परवडत नाही हे त्याला स्वच्छ दिसले. तरीही त्याने पेन्सिल तिच्यापुढे धरली.

तिने जुन्या चार पानांवर एकेक तिरपी रेघ मारली. शेवटच्या पानाखाली सही केली. तिला वेळ लागला. बलभीमने नवे कागद पिशवीत घातले आणि डब्यात चढून खिडकी गाठली.

“पंधरा दिवसांत बांधणी होईल,” तो म्हणाला. “पहिली प्रत तुमच्या हातात आणून देतो.”

“माझ्या नको, मास्तरांच्या हातात द्या,” जगदेवी म्हणाली. “एकशे चोवीस पानं त्यांनी लिहिली. शेवट काय झाला, ते त्यांना ठाऊक न्हाय.”