भिंतीकडे वळवलेली गाठ

शंभर वर्षांपूर्वीच्या त्या खुन्याची दोरी संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात होती, पण गाठीची बाजू भिंतीकडे वळवलेली. कुणी नक्कल करू नये म्हणून त्या वेळच्या अधिकाऱ्यांनी ती तीन वेढ्यांची उलटी गाठ जगापासून लपवली होती. आता ती ठाऊक होती फक्त दोरीवरची धूळ झटकणाऱ्या तिला.

तरी शहरात पुन्हा खून होऊ लागले. पोलिसांनी आणलेल्या प्रत्येक फोटोत, गळ्याभोवती, तीच गाठ.

"कपाटाची किल्ली तुझ्याकडेच असते हो, बाई! जपून राहायला हवं तुझ्यापासून," तिने हे सांगताच संग्रहालयाचे साहेब हसत म्हणाले.

तिला काही हसू फुटेना. घरी लहानगी लेक होती. भरदुपारीच रजा टाकून ती धावत सुटली.

लेक दारातच खेळत होती. तिच्या जिवात जीव आला. तिने लेकीला उराशी धरलं, आणि पाठीवरून फिरणारा हात वेणीच्या रिबिनीवर थबकला.

तीन वेढे. उलटे.

"ही कुणी बांधली?" ती किंचाळलीच.

आतून सासूबाई म्हणाल्या, "अगं, असं काय करतेस? मघाशी तूच नाही का येऊन बांधून गेलीस? एवढ्या हाका मारल्या, तर वळूनसुद्धा पाहिलं नाहीस!"