दुसरी दाढी

गोळीवाला आत आला आणि सरळ खुर्चीत जाऊन बसला. "दाढी करा, मामा."

दुकान पुन्हा उघडून आज नववा दिवस, आणि खुर्चीत बसलेला हा पहिलाच माणूस. न्हाव्यानं घाईघाईनं त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, ब्रश ओला केला आणि गालाला हात लावताच थबकला.

"सकाळीच केलेली दिसते."

"गाल माझा आहे, झिजला तर झिजू दे. खुर्ची तेवढी रस्त्याकडे फिरवा. लोकांना दिसू दे."

हा दवाखान्याचा माणूस. सहा महिने रोज क्षयाच्या गोळ्या घेऊन न्हाव्याच्या खोलीवर यायचा, म्हणून गल्लीनं त्याचं हे नाव पाडलेलं. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं होतं, "दुकानात रोज कोण कोण येऊन बसतं? त्यांनाही तपासायला हवं." न्हाव्यानं हातचं न राखता बावीस नावं सांगितली. एकवीस जण निरोगी निघाले, आणि रागावले. समोरच्या शिंप्याला रोग निघाला. वेळेवर कळलं म्हणून तो बरा झाला. तोही रागावला. भल्याची दुनियाच राहिली नाही.

खुर्ची फिरली. एरवी वस्तऱ्याआधी न्हाव्याची जीभ चालायची. आज आधी वस्तरा चालला. साबणाखाली वस्तरा नुसता सरकत होता, करकर म्हणून नाही.

समोर शिंप्याचं मशीन थांबलं. वीस वर्षं दोघांनी सकाळचा चहा याच उंबऱ्यावर बसून घेतला होता. शिंपी मान वर करून बघत होता. न्हाव्याचा हातही थांबला.

मग मशीन पुन्हा सुरू झालं.

"येतील हळूहळू," गोळीवाला म्हणाला. "तुम्ही आता ठणठणीत आहात."

"आजारी होतो तेव्हा रोज कोणीतरी यायचं," न्हावी म्हणाला. त्यानं दुसऱ्या गालाला पुन्हा साबण लावला.

शेवटी गोळीवाला उठला. अजून चार घरी गोळ्या द्यायच्या होत्या.

तो गेल्यावर न्हाव्यानं कापड दारात नेऊन झटकलं. एक केस पडला नाही. तरी त्यानं झाडू घेतला आणि खुर्चीभोवतीची फरशी सावकाश झाडत आणली, उंबऱ्यापर्यंत, समोरून दिसेल अशी.