हिरड्यांची तपासणी

तानूबाईंनी तोंडातून नळी काढली आणि फाटकावरच्या यंत्रात तांबडा दिवा लागला.

"हिरड्यांतून रक्त येतंय. साथ सरेपर्यंत आत सोडता येणार नाही," सोसायटीचे सेक्रेटरी पाटणकर मागे सरकत म्हणाले. "असल्या तोंडात विषाणू मुक्काम ठोकतो, मग सगळी इमारत खोकत बसते."

"सुनंचं बाळंतपण करायला आलेय मी. लेकाचं घर हाय माझ्या!"

लेक हेमंत फाटकाच्या आतच उभा होता. "किती वेळा सांगितलं, मिश्री सोड म्हणून! आता सगळे दात काढून ये. कवळी असली की सोडतात."

"ह्यो नियम कुणी आणला रं?"

पाटणकरांनी हेमंतकडे बोट दाखवलं. "ठराव यांनीच मांडला होता."

तानूबाईंनी पिशवी उचलली.

"आई, लाडवांचा डबा तेवढा दे," हेमंत म्हणाला. "बाहेरून पुसून घेतो."

"ह्याच तोंडानं चव घेतलीय त्यांची," त्या म्हणाल्या. फाटकासमोरच बसकण मारून त्यांनी डबा उघडला आणि डिंकाचा कडक लाडू त्याच्या डोळ्यांदेखत कडाकडा फोडला. तोंडात रक्ताची चव आली, तरी त्या थांबल्या नाहीत.