जर्द्याची तपासणी

मुनिराताई चपला काढून आत आल्या आणि राजेंद्रनं पटकन दार लावून घेतलं.

"कुठाय आमचा जर्दा?"

"हा काय, आईच्या मांडीवर."

पिवळ्याधमक बोक्यानं एक डोळा उघडला, पाहुणीकडं बघितलं आणि परत मिटला. भामाबाईंचा हात त्याच्या पाठीवरून फिरतच होता. मोतीबिंदूमुळं त्यांना बोका म्हणजे नुसता पिवळा धूर दिसायचा. पण नवरा गेल्यापासून भिंतीकडं तोंड करून पडलेली ही बाई आता दिवसभर त्याच्याशी गप्पा हाणायची. पोटभर जेवायची. भांडायचीसुद्धा! राजेंद्रला याहून जास्त काही नको होतं.

मुनिराताई राजेंद्रच्याच छावणी भागात, बाजारापलीकडच्या गल्लीत राहायच्या. रस्त्यावरची जखमी मांजरं उचलायची, घरी ठेवून बरी करायची आणि चांगलं घर बघून द्यायची, असा त्यांचा चारपाच जणींचा गट. नियम मात्र कडक. दर आठवड्याला फोटो पाठवायचा. तीन महिन्यांनी घरी तपासणी. मांजर हरवलं तर त्याच दिवशी कळवायचं. लपवलं, तर त्या घरात पुन्हा मांजर ठेवायचं नाही, असेल ते उचलून न्यायचं.

आणि राजेंद्रनं लपवलं होतं.

त्यांच्याकडून आणलेला जर्दा तिसऱ्याच दिवशी सकाळी, दूधवाल्यासाठी उघडलेल्या दारातून सटकला. राजेंद्रनं अख्खी छावणी पालथी घातली. मुनिराताईंची गल्ली तेवढी सोडली. तिथं कोणत्या तोंडानं जायचं? आई इकडं दोन दिवस ताटाकडं बघेना. शेवटी नवव्या दिवशी बिडकीन गावातल्या एका गॅरेजात तसाच पिवळा बोका सापडला. डॉक्टरकडून त्याची नसबंदी करून घेतली. नसबंदी झालेल्या मांजराच्या डाव्या कानाचं टोक कापतात, तेही कापून घेतलं. कान भरून येईपर्यंत गटाला पहिल्या दोन दिवसांतलेच फोटो पुरवून पुरवून पाठवले.

मुनिराताईंनी बोका उचलला. दात बघितले, पोट चाचपलं. डाव्या कानाच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"कान छान भरलाय."

"हो ना," राजेंद्र म्हणाला.

"वजन पण वाढलंय."

"आई खाऊ घालते."

"लई गुणाचा हाय गं माझा," भामाबाई मधेच बोलल्या. "तू न्यायला तर नाय ना आली?"

"नाय अम्मा, कशाला नेऊ?" मुनिराताईंनी बोका परत त्यांच्या मांडीत दिला. तो अंगाची गुंडाळी करून घुरघुरायला लागला.

मग त्यांनी खिडक्यांच्या जाळ्या ओढून बघितल्या. वाळूचा ट्रे बघितला.

"दार उघडं राहतं का कधी?"

"आता नाय राहत," राजेंद्र बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. मुनिराताईंनी दाराची कडी लावून-काढून बघितली. चहा प्यायल्या, भामाबाईंच्या ऑपरेशनची चौकशी केली आणि उठल्या.

सुटलो एकदाचे, असं मनाशी म्हणत राजेंद्र त्यांना सोडायला पायरीपर्यंत गेला. तिथं थांबून मुनिराताईंनी पिशवीतून एक कागद आणि पेन काढलं.

"हा फॉर्म भरून द्या, भाऊ."

"ताई, फॉर्म तर जर्दा आणला तेव्हाच भरला होता ना?"

मुनिराताईंनी एकदा आत नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "तो जर्द्याचा होता. जर्दा तर त्याच दिवशी चालत माझ्या दारात आला, तेव्हापासून माझ्याकडंच हाय. हा ह्याचा भरा."