सुई टोचायच्या आधी

परदेशात कामाला आलेल्या मराठी माणसांच्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात बाईंनी त्या दिवशी नाटकवाले बोलावले होते. प्रेक्षकांपैकी कुणीही 'थांबा' म्हणून उठायचं आणि नाटकात शिरून इंग्रजीत बोलायचं, असा खेळ होता. नट पेशंट होऊन खाटेवर पडला. त्याला न चालणारं इंजेक्शन घेऊन नर्स झालेली नटी पुढे आली. तिला अडवायचं होतं. वर्गातला एक ड्रायव्हर उठला, 'नो, नो' करत हसून खाली बसला. स्वयंपाकी तर गडबडीत नर्सला 'थँक्यू' म्हणाला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या ताई उठल्या. चार महिन्यांत त्यांच्या तोंडून इंग्रजीचं अवाक्षर निघालं नव्हतं. त्यांनी नर्सचं मनगट घट्ट धरलं आणि एका दमात म्हणाल्या, "प्लीज स्टॉप! माय हजबंड इज अलर्जिक टू धिस इंजेक्शन. प्लीज, कॉल द डॉक्टर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंना तर कोण आनंद!

"ताई, एकही चूक नाही! एवढं पाठ कधी केलंत हो?"

ताईंच्या हातातून मनगट अजून सुटत नव्हतं.



"आमचे हे गेल्यावर, बाई."